त्या घरात विहीर नाही

अ‍ॅक्रनमध्ये, कॉप्ली रोडच्या वळणावर
एक लॉण्ड्रोमॅट आहे. अकरा मशीन, त्यातली आठ चालू,
आणि छताला साखळीने बांधलेला एक टीव्ही,
कुणी पळवेल म्हणून.
आवाज त्याचा कधीचाच गेलेला.

मंगळवारी दुपारी दोनला मी जायचे,
उशांचे अभ्रे, नवऱ्याचे सहा शर्ट
आणि एक दोनशेपानी वही घेऊन.
घरी टेबल होतं, खिडकी होती,
खिडकीत मेपलचं झाडसुद्धा होतं.
लिहिणं तेवढं होत नव्हतं.

टीव्हीवर रोज तीच मालिका.
एक बाई, पायघोळ रेशमी गाऊन,
उतरायची अशी, की जिन्यावर उपकार.
ओठ हलायचे. शब्द नाहीत.
पहिल्या दिवशी गंमत म्हणून मी तिच्या तोंडी घातलं,
"ताकाला आलीस ना, मग भांडं का लपवतेस?"
आणि समोरची पोरगी खरोखरच
दोन्ही हात पाठीमागे नेऊन उभी राहिली.

तिथून सुरू झालं.
बाईचं नाव अनसूया ठेवलं,
बंगला उचलून कराडच्या अलीकडे नेला,
उंच ग्लासातली शॅम्पेन ओतून ताक भरलं.
गाऊनचं काय करावं कळेना. शेवटी तो तसाच ठेवला,
मुंबईहून कुणीतरी पाठवला म्हणून.
एक डॉक्टर होता, दोनदा मेलेला,
एकदा विमानात, एकदा स्वतःच्या लग्नात,
दोन्ही वेळा नुसती दाढी वाढवून परत आला.
त्याला मी तिचा दीर केला.
मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही,
हे वाक्य त्याच्या चेहऱ्यावरून उतरवून घेतलं.

मरणांचा हिशेब व्हर्नाकडून कळला.
ती पलीकडच्या टेबलावर मोटेलच्या चादरींच्या घड्या घालायची.
वडील वेस्ट व्हर्जिनियातून टायरच्या कारखान्यात आले,
कारखाना गेला, व्हर्ना राहिली.
एकतीस वर्षं ती हेच बघत होती, तिला आवाज लागत नसे.
कुठलं मूल कुणाचं,
कुठल्या साली नटी बदलली
आणि घरातल्या सगळ्यांनी
लक्षात न आल्याचं सोंग कसं केलं,
तिला सगळं पाठ.

दिवाळी अंकात पहिली तीन प्रकरणं छापून आली.
एका जाणकारांनी कळवलं,
तुमच्या संवादांना मातीचा वास आहे.
मी वही नाकाशी धरली.
ड्रायरमधल्या कागदांचा वास होता,
खोट्या लव्हेंडरचा.

मार्चमध्ये मालिका बंद झाली, न सांगता.
बाई अर्ध्या जिन्यात, हात कठड्यावर,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी
एक माणूस कोंबडीला लोणी चोळतोय.
व्हर्नाने दोन आठवडे ती कोंबडी सहन केली.
मग माझ्या वहीकडे हनुवटी उडवून म्हणाली,
"तुला माहीत असेल ना. सांग, पुढे काय होतं?"

माझं इंग्रजी भाजी आणायला पुरतं,
शोकांतिकेला तोकडं पडतं.
तरी सांगितलं. अपमान होतो. रात्र होते.
अनसूया मागच्या दाराने परसात जाते,
तिथे विहीर.
(आमच्याकडे या विहिरीत इतक्या बायका गेल्यात
की रहाटाचा दोर झिजलाय, हे तिला सांगितलं नाही.)

व्हर्नाने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.
आम्ही जवळ आलो, लांब गेलो, पुन्हा जवळ.
"नाही," ती म्हणाली.
"ती बाई मागच्या दाराने कधीच गेली नाही,
एकतीस वर्षांत एकदाही नाही.
आणि त्या घरात विहीर नाही."

चाळीस पानं फाडली.
संपादकांचे दोन फोन येऊन गेले.
अनसूया अजून अर्ध्या जिन्यात उभी आहे
आणि मी खाली, खिशात तीन क्वार्टर,
तिचे ओठ हलायची वाट बघत.